तालुक्याच्या गावी दोन रात्री शांत मुक्काम: शहापूर-मुरबाडकडे पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे या पट्ट्यात राहणाऱ्याला दोन दिवस शांत राहावंसं वाटलं की पहिली नावं सुचतात ती लोणावळा, माथेरान आणि अलिबाग. शनिवारी तिथे पोहोचलं की अर्धं शहर आपल्या आधीच हजर असतं आणि खोलीचा भाव मधल्या वारापेक्षा भलताच चढलेला असतो. ज्यांना फक्त झोप, वाचन, वेळेवर गरम जेवण आणि संध्याकाळची एक फेरी एवढंच हवं आहे, त्यांची सोय आपल्याच जिल्ह्यात होते. शहापूर आणि मुरबाड ही तालुक्याची गावं त्यासाठी उत्तम आहेत.

या गावांतले लॉज पर्यटकांसाठी बांधलेले नाहीत. औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, एमआयडीसीत मशीन बसवायला आलेले तंत्रज्ञ, कोर्टाच्या तारखेला आलेली माणसं आणि लग्नाची वऱ्हाडं यांच्यावर ते चालतात. म्हणून तिथे पोहण्याचा तलाव नाही, रेन डान्स नाही आणि तुमचं मनोरंजन करायला कोणी धडपडत नाही. मला नेमकं हेच हवं असतं. मी कळव्याला रुळांच्या कडेला राहते आणि गेली काही वर्षं अशा मुक्कामाला जाते, कधी एकटी, कधी सासूबाईंना घेऊन. ओळखीतल्या बऱ्याच जणींनी 'हे नेमकं जमवायचं कसं' असं विचारलं, म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

१. गाव निवडा, प्रेक्षणीय स्थळ नको

शोध घेताना 'जवळ बघायला काय आहे' इथून सुरुवात केलीत की तुम्ही पुन्हा गर्दीतच पोहोचता. आधी गाव ठरवा.

शहापूरला स्टेशन नाही. मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावरचं आसनगाव हे त्याचं स्टेशन, तिथून गाव तीनेक किलोमीटर. गावाला लागूनच मुंबई-नाशिक महामार्ग जातो आणि बरेचसे लॉज त्याच्या कडेला आहेत. रात्रभर ट्रकचे हॉर्न ऐकायचे नसतील तर महामार्गापासून आत, बाजारपेठेच्या मागच्या बाजूला जागा शोधा.

मुरबाडला तर रेल्वेच नाही. कल्याणहून एसटीने जावं लागतं, आणि रेल्वे नसणं हेच मुरबाड शांत राहण्याचं मोठं कारण आहे असं मला वाटतं. मात्र कल्याण-नगर रस्ता गावातूनच पुढे माळशेज घाटाकडे जातो. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी घाटाकडे निघालेल्या गाड्यांची रांग याच रस्त्यावर असते. त्या दिवशी रस्त्याकडची खोली घेऊ नका.

टिटवाळाही चांगलं आहे, पण वार बघून. मंगळवार, संकष्टी आणि विशेषतः अंगारकीला महागणपतीच्या दर्शनाला इतकी माणसं येतात की शांततेचा विषयच काढू नये. मधल्या एखाद्या बुधवारी मात्र तेच गाव निवांत भेटतं.

२. तारीख ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून घ्या

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि खरं तर मुक्काम शांत होणार की नाही हे इथेच ठरतं.

तालुक्याच्या गावात लॉज भरतो तो लग्नांमुळे. शेजारी लग्नाचा लॉन किंवा कार्यालय असेल तर वरात, बँड, बेंजो आणि पहाटेपर्यंत जिन्यावरून वर-खाली करणारं वऱ्हाड हे सगळं तुमच्या वाट्याला येतं. म्हणून कॅलेंडरवर लग्नाचे मुहूर्त बघा आणि ते दिवस टाळा. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, एप्रिल-मेमध्ये त्यांची दाटी असते आणि चातुर्मासात ते थांबतात.

चातुर्मासाची सुरुवात म्हणजे ऐन पावसाळा. तेव्हा लग्नं नसतात, पण शनिवार-रविवारी धबधब्यांवर जाणारे घोळके असतात. मधल्या वारी गेलात तर हाच काळ फार सुंदर आहे: भातलावणी चाललेली, डोंगर ढगात आणि लॉजमध्ये मोजकी माणसं.

माझ्या मते वर्षातले सगळ्यात शांत दिवस म्हणजे पितृपंधरवडा. गणपती नुकतेच उठलेले असतात, नवरात्र यायचं असतं, मुहूर्त नसतात आणि सहलीला निघायचा लोकांचा उत्साहही थंडावलेला असतो. भात पोटरीला आलेलं असतं, हवा धुतलेली असते. ज्यांना या दिवसांत प्रवास चालतो त्यांनी हा पंधरवडा सोडू नये. पौष महिन्यातही लग्नं कमी असतात. फक्त पौष पौर्णिमेला मुरबाडजवळच्या म्हसाची यात्रा भरते. ती गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे आणि त्या दिवसांत मुरबाडच्या बाजूला राहायची जागा मिळणं अवघड होतं. यात्रा बघायला जरूर जा, पण तो प्रवास वेगळा.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. एमआयडीसीच्या कामावर चालणाऱ्या लॉजचं मात्र याच्या उलट असतं: ते सोमवार ते शुक्रवार भरलेले असतात आणि शनिवारी रिकामे होतात. लग्नसराई आणि पावसाळा सोडला तर मुरबाडला शनिवार-रविवारीही शांत खोली मिळते ती त्यामुळे.

३१ डिसेंबर आणि धुळवड सरळ सोडून द्या.

३. फोन करा आणि हे प्रश्न विचारा

ऑनलाइन फोटो बहुतेकदा लॉज नवा असतानाचे असतात. फोटो बघून फार तर यादी करा, खोली फोनवर बोलूनच ठरवा. फोन दुपारी करा. सकाळी खोल्या सोडणाऱ्यांची घाई असते आणि संध्याकाळी नवीन माणसं येत असतात. दुपारी मॅनेजर निवांत असतो आणि नीट बोलतो.

पहिला प्रश्न: 'खाली परमिट रूम आहे का?' असेल तर फॅमिली विभाग कितीही वेगळा असला तरी आवाज वर येतो. मी अशी जागा घेत नाही. विचारायला संकोच करू नका, मॅनेजरला या प्रश्नाची सवय असते.

दुसरा: 'त्या तारखांना तुमच्याकडे किंवा शेजारी लग्न आहे का?' यावर बहुतेक मॅनेजर खरं सांगतात, कारण वऱ्हाडाने खोल्या घेतल्या असतील तर तुमच्यासाठी त्यांच्याकडे जागाच नसते.

तिसरा: 'खोली रस्त्याच्या बाजूला आहे की मागे?' मागची मागा. सगळ्यात वरचा मजला मार्चनंतर टाळा, दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत गरम राहतो.

चौथा: 'गरम पाणी कधी असतं?' अनेक ठिकाणी ते सकाळचे दोन-तीन तासच मिळतं. उशिरा उठणाऱ्यांनी बादली आधी मागून ठेवावी.

पाचवा: 'लाइट गेली तर इन्व्हर्टर आहे का आणि त्यावर पंखा चालतो का?' महावितरण देखभालीसाठी बऱ्याच भागांत ठरावीक वारी वीज बंद ठेवतं. तो वार कोणता, हेही विचारून घ्या.

सहावा, आणि यावरून सर्वात जास्त भांडणं होतात: 'चेकआउट चोवीस तासांचं की दुपारी बाराचं?' चोवीस तासांचं असेल तर सकाळी नऊला आलेल्याने दुसऱ्या दिवशी नऊला खोली सोडायची. दुपारी बाराचं असेल तर रात्री आठला येऊनही दुसऱ्या दिवशी बारा वाजता तुमचा एक दिवस भरतो. त्याप्रमाणे पोहोचायची वेळ ठरवा.

ज्येष्ठ माणसं सोबत असतील तर कमोड आणि लिफ्ट यांची चौकशी वेगळी करा. 'हो, आहे' एवढ्यावर थांबू नका. लिफ्ट चालू आहे का, ती कितव्या मजल्यापर्यंत जाते आणि दारापर्यंत किती पायऱ्या आहेत, हे विचारा. तळमजल्याची किंवा पहिल्या मजल्याची खोली मिळत असेल तर उत्तमच.

एकट्या बाईने राहायचं असेल तर फोनवरच सांगा: 'मी एकटी येणार आहे, दोन रात्री राहणार आहे.' उत्तर देताना समोरचा घुटमळला किंवा 'सोबत कोण आहे' हे पुन्हा पुन्हा विचारू लागला तर दुसरी जागा बघा. जिथे कुटुंब चालवतं, घरातली कोणीतरी बाई काउंटरवर किंवा स्वयंपाकघरात असते, तिथे मला नेहमीच चांगला अनुभव आला आहे.

४. कागदपत्रं

सोबत ठेवायची यादी:

- प्रत्येक प्रौढ व्यक्तीचं फोटो आणि पत्ता असलेलं ओळखपत्र: आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पासपोर्ट
- त्याची एक छापील प्रत, कारण झेरॉक्सचं दुकान रात्री उघडं नसतं
- मुलांचं आधार किंवा जन्मदाखला
- खोली ठरल्याचा मॅनेजरचा मेसेज

पॅन कार्डवर पत्ता नसतो, म्हणून ते बहुतेक ठिकाणी चालत नाही. आधारची प्रत द्यायची असेल तर यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड आधार' उतरवून घ्या. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. प्रतीवर तारीख आणि लॉजचं नाव लिहून सही करायची सवय लावून घ्या.

आता आपल्यासारख्यांना हमखास अडवणारी गोष्ट. अनेक लॉज 'लोकल आयडी चालणार नाही' म्हणतात, म्हणजे त्याच भागात पत्ता असलेल्या माणसाला खोली देत नाहीत. काही जण लोकल म्हणजे फक्त तेच गाव धरतात, काही पूर्ण तालुका, तर काही ठिकाणी ठाणे जिल्ह्याचा पत्ता दिसला तरी नकार येतो. असा कोणता कायदा नाही, हा लॉजवाल्यांचा आपला नियम आहे, पण रात्री आठ वाजता काउंटरवर उभं राहून त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. फोनवरच सांगा: 'आमच्या आधारवर कळव्याचा पत्ता आहे, चालेल ना?' होकार आला की तोच मजकूर मेसेजने पाठवा आणि उत्तर घ्या.

लग्न न झालेल्या जोडप्यांनाही हेच सांगेन. दोन प्रौढांनी एका खोलीत राहणं हा गुन्हा नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका प्रकरणात तसं स्पष्ट म्हटलं आहे. तरी लहान गावातल्या मालकाने नकार दिला तर तिथे अडून बसण्यापेक्षा आधीच विचारलेलं बरं.

परदेशी पासपोर्ट असलेला भाचा किंवा बहीण सोबत असेल तर लॉजला त्या परदेशी पाहुण्याची माहिती देणारा फॉर्म (पूर्वी त्याला 'सी फॉर्म' म्हणत) २४ तासांत ऑनलाइन भरावा लागतो. लहान लॉजना त्याची सवय नसते, त्यामुळे ते नाही म्हणू शकतात.

५. पैसे

आगाऊ रक्कम एका रात्रीच्या भाड्यापेक्षा जास्त देऊ नका. नकाशावर दिसणारा फोन नंबर खरा लॉजचाच असतो असं नाही. भामटे तिथे आपला नंबर घालून ठेवतात. यूपीआयने पैसे पाठवण्याआधी पडद्यावर कोणाचं नाव येतं ते बघा, आणि ते लॉजच्या किंवा मालकाच्या नावाशी जुळत नसेल तर थांबा. 'आधी एक रुपया पाठवा, मग कोड येईल' असलं काही कोणी सांगितलं तर फोन ठेवा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

भाडं ठरवताना 'टॅक्ससकट किती?' असं विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, म्हणजे १,५०० च्या खोलीवर ७५ रुपये. ज्याची जीएसटी नोंदणीच नाही त्याला हा कर घेता येत नाही, म्हणून कर लावला असेल तर बिलावर जीएसटी क्रमांक आहे का ते बघा.

'नॉन-एसी' म्हणून दिलेल्या खोलीत एसी भिंतीवर असतो, फक्त रिमोट काउंटरवर असतो. ही पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, त्यात फसवणूक नाही. रात्री उकडलं तर फरक भरून रिमोट मागता येतो. तो फरक किती, ते आधीच विचारून ठेवा. जादा गादीचे पैसेही आधीच विचारा.

६. पोहोचायचं कसं

शहापूरसाठी ठाण्याहून आसनगाव किंवा कसारा लोकल. प्रवास सव्वा तासाच्या आसपास. नवी मुंबईकरांनी ट्रान्स-हार्बरने ठाण्याला येऊन गाडी बदलायची. कल्याणच्या पुढे लोकल विरळ होतात, एक चुकली तर बराच वेळ फलाटावर जातो. म्हणून वेळापत्रक बघूनच घरातून निघा. संध्याकाळी कामावरून परतणाऱ्यांच्या गर्दीत सामान घेऊन शिरू नका, दुपारच्या आत निघा. आसनगाव स्टेशनबाहेर शेअर रिक्षा मिळतात.

मुरबाडसाठी कल्याणहून एसटी. गाडी नेमकी कुठून सुटते हे चौकशी खिडकीवर विचारून घ्या. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत आहे. त्यासाठी आजी-आजोबांचं ओळखपत्र वरच्या कप्प्यात ठेवा.

७. पैसे भरण्याआधी खोली बघा

'खोली दाखवता का?' असं म्हटलं की पोऱ्या किल्ली घेऊन निघतो, त्यात कुणाला वाईट वाटत नाही. आत गेल्यावर दाराची आतली कडी नीट बसते का, खिडकीला जाळी आहे का, नळाला पाणी आणि संडासातला फ्लश, एवढं आधी तपासा. मग पंखा बंद करून मिनिटभर गप्प उभ्या राहा. पंख्याच्या आवाजाखाली लपलेलं सगळं तेव्हा ऐकू येतं: शेजारची पिठाची गिरणी, जनरेटर, हॉटेलच्या भटारखान्याचा एक्झॉस्ट. खोली बदलून मागायची वेळ हीच. सामान लावून झाल्यावर मागितली तर मॅनेजरलाही अवघड होतं.

रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे. त्यानंतरही आवाज चालू राहिला तर आधी मॅनेजरला सांगा, गावात त्याच्या एका फोनने काम होतं. नाहीच झालं तर ११२ वर पोलिसांना फोन करा.

घरून न्यायचं सामान थोडकंच: स्वतःची चादर, पंचा, मच्छर अगरबत्ती, टॉर्च आणि पाण्याची बाटली.

८. जेवण

रात्रीचं जेवण साडेआठच्या आत उरका. महामार्गावरचे ढाबे उशिरापर्यंत चालू असतात, पण गावातली खानावळ लवकर आवरते. सकाळी एसटी स्टँडजवळ पोहे, मिसळ, वडा ताजा मिळतो.

हा सगळा भाताचा मुलूख आहे. खानावळीत चपातीऐवजी तांदळाची भाकरी मिळेल का, ते विचारून बघा. दोन तास आधी सांगितलं तर अनेकदा करून देतात. आणि पावसाळ्यात गेलात तर बाजार चुकवू नका. ठाकर, कातकरी, महादेव कोळी बायका पाड्यांवरून रानभाज्या घेऊन सकाळी लवकर बसतात. पावसाच्या अगदी तोंडावर शेवळं, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, कंटोळी. शेवळं खाजरी असतात, त्यात काकडं (काकडाच्या झाडाची आंबट फळं) घालावी लागतात. कशी करायची ते विकणारीच सांगते, नीट ऐकून घ्या. त्यांच्याशी भाव करत बसू नका. जंगलात पहाटेपासून फिरून आणलेली जुडी आहे ती.

९. दिवसभर काय करायचं

काही नाही केलं तरी चालतं. फिरावंसं वाटलं तर शहापूरहून रिक्षा ठरवून माहुली किल्ल्याच्या पायथ्याच्या गावापर्यंत जाऊन या. शहाजीराजे आणि बाल शिवाजी १६३५-३६ च्या सुमारास याच गडावर होते. खालून दिसणारे सुळके तासभर बघत बसण्यासारखे आहेत. गड चढणं हे दिवसभराचं काम आहे, शांत मुक्कामात ते बसवू नका.

पावसाळ्यात धबधबे, धरणं आणि नदीपात्र यांच्यापासून दूर राहा. खडवलीला भातसा नदीत दरवर्षी माणसं बुडतात. पात्र वरून शांत दिसतं, खाली खड्डे असतात आणि पाण्याचा जोर अचानक वाढतो. जिल्हाधिकारी पावसाळ्यात अशा ठिकाणी मनाई आदेश काढतात, ते मोडू नका.

आणि लॉजच्या नळाचं पाणी जपून वापरा. भातसा, तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात आहेत, मुंबईला सर्वात जास्त पाणी भातसाचं जातं, आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. एप्रिल-मेमध्ये तुमच्या बाथरूममध्ये येणारं पाणीही कदाचित टँकरचंच असेल. शॉवर असला तरी बादलीने अंघोळ करा.

१०. निघताना

छापील बिल मागा, दिलेली आगाऊ रक्कम वजा केली आहे का ते बघा. खोली साफ करणाऱ्या मावशींच्या हातात थोडे पैसे स्वतः द्या, काउंटरवर ठेवू नका. मॅनेजरचा नंबर लॉजच्या नावासकट जपून ठेवा आणि कोणत्या नंबरची खोली चांगली होती तेही लिहून ठेवा. पुढच्या वेळी 'मागच्या बाजूची, दुसऱ्या मजल्यावरची तीच खोली द्या' एवढं सांगितलं की तिसऱ्या पायरीतले निम्मे प्रश्न विचारावे लागत नाहीत.

पावसाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी आसनगावहून परतणाऱ्या लोकल ट्रेकवाल्यांनी भरून येतात, आणि मुरबाडच्या रस्त्यावर माळशेजहून परतणाऱ्या गाड्या असतात. त्या दिवशी दुपारचं जेवण घरी करायचं ठरवा आणि सकाळीच निघा. सोमवारची रजा मिळत असेल तर आणखी चांगलं: रविवारची रात्र तिथेच काढा. तोवर सगळे परतलेले असतात.